आटलेलं कापड

कपडे धुण्याचं मशीन बंद पडल्याचं कोणाला फारसं दुःख झालं नाही. ते गेली दोन वर्षं आचके देतच होतं. दुःख झालं ते कापडाचं. वकीलसाहेबांच्या कोटाचं करड्या रंगाचं लोकरी कापड, बेतण्याआधी जरा आटवून घ्यायचं म्हणून मास्तरांच्या बायकोने, घरातल्या थोरलीने, नेहमीसारखं मशीनमध्ये टाकलं, आणि जे बाहेर निघालं त्याला कापड म्हणायला मास्तरांची जीभ वळेना. जाड, ताठ, पुठ्ठ्यासारखं. टेबलावर उभं केलं असतं तर उभं राहिलं असतं.

लोकर कढत पाण्यात घुसळली की तिचं असं होतं, हे या घरात दात न आलेल्या पोरालाही ठाऊक. खाली शिवणाचं दुकान, वर घर, आणि मास्तरांची ही कातर धरणारी तिसरी पिढी. थोरली या घरात सून म्हणून आली तेव्हापासून कापड आटवायचं काम तिचंच. म्हणून तर सगळे धास्तावले होते. नवं मशीन कोणतं घ्यायचं, हा प्रश्न तोंडाने बोलायचा होता. थोरलीला झालंय काय, हा न बोलता विचारायचा.

रविवारी जेवणं आटोपल्यावर सगळे स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती बसले. आटलेलं कापड टेबलाच्या मधोमध पडलं होतं. ते उचलून कुठे ठेवावं हे कोणाला कळत नव्हतं, आणि टाकून देऊ या म्हणायचा धीर मास्तरांसमोर कोणाला नव्हता.

"शोरूमला शेवटचे नग आहेत," मुलगा म्हणाला. तो घरगुती यंत्रांच्या मोठ्या दुकानात विक्रीला होता, आणि घरात बोलतानाही त्याचे हात माल दाखवत फिरत. "गोल नॉबवाली सगळी मालिका कंपनीने बंद केली. शेगडी, ओव्हन, वॉशिंग मशीन. आज संध्याकाळपर्यंत मी आपल्या नावाने धरून ठेवलंय. पण आई, मला अजून कळत नाही, तुला ते कशाला हवंय? पुढच्या वर्षी त्याचा एक स्क्रू मिळणार नाही. जग काचेवर आलंय, नुसतं बोट टेकवायचं."

"मला तिन्ही हवीत," थोरली म्हणाली.

"तिन्ही?" धाकटे भाऊजी उडालेच. "अहो वहिनी, शेगडी चांगली चालतेय. ओव्हन चालतोय. बिघडलंय एक, आणि घ्यायची तीन?"

या धाकट्या भाऊजींना सगळे एक्स्चेंज म्हणत. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, लग्न केलं नाही, आणि ते एक्स्चेंज मोडीत निघालं त्याच वर्षी तेही निवृत्त झाले. नव्या वस्तूचा सोस दांडगा आणि नशीब उलटं. त्यांनी पेजर घेतला आणि पेजर गेले. मोठ्या तबकडीचा व्हिडिओ प्लेयर घेतला, तर त्याच्या तबकड्या दुसऱ्या वर्षी मिळेनाशा झाल्या. वरच्या खोलीत त्यांचं एक कपाट होतं, त्याला पोरं स्मशान म्हणत. आता दुधाने तोंड पोळलेले एक्स्चेंज ताकही फुंकून पीत होते.

"माझं ऐका, थांबा," ते म्हणाले. "सहा महिने काही घेऊ नका. आज घेतलेलं उद्या जुनं होतं. नॉबवालं घेतलं तर ते जुनंच आहे, आणि काचवालं घेतलं तर सहा महिन्यांत बोलणारं येईल."

"तोपर्यंत कपडे नदीवर धुवायचे का, काका?" थोरलीची सून म्हणाली, आणि मुलगा फिस्सकन हसला.

थोरली हसली नाही. ती समोर बघत होती, म्हणजे बघते आहे असं दाखवत होती.

तिला मधलं दिसत नव्हतं. कडेचं दिसे. समोरच्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटी गेली होती. डॉक्टर म्हणाले, पूर्ण अंधार होणार नाही, पण मधला डाग जाणार नाही, वाढेल. तिने बरं म्हटलं, परत येताना दोऱ्याची रिळं घेतली आणि घरी येऊन कामाला लागली. काजं ती अजूनही दुकानातल्या कोणाहीपेक्षा सुबक करी; काजं बोटांनी होतात. स्वयंपाक हाताने, नाकाने होतो. अडलं ते फक्त वॉशिंग मशीनपाशी, कारण त्याची पट्टी सपाट होती आणि दाबायच्या जागा सगळ्या सारख्या. तिथे तिने गुंड्या चिकटवल्या. गरम पाण्याला कोटाची मोठी गुंडी, कोमटला दोन भोकांची, गारला शर्टाची बारीक.

कोणी विचारलंसुद्धा नाही. शिंप्याच्या घरात गुंडी कुठेही सापडते. साबणाच्या डबीत सापडते, साखरेच्या बरणीत सापडते, आणि एकदा तर एक्स्चेंजभाऊजींच्या कानात सापडली होती, ते पाच वर्षांचे असताना. मशीनवरच्या गुंडीकडे कोण बघतो!

आणि काल सकाळी तिने हात फिरवला तर पट्टी गुळगुळीत. एकही गुंडी नाही. तिने कडेपासून अंदाजाने दाबलं, आणि अंदाज चुकला. गुंड्या कोणी काढल्या हे तिला विचारता येत नव्हतं. विचारलं की त्या का लावल्या होत्या हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की तिला बसवलं असतं.

बसवणं हा या घरातला शब्द होता. थोरलीच्या सासूबाईंचे हात कापायला लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमाने, त्यांना मागच्या गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसवलं. तुम्ही बसा, आम्ही आहोत ना. सुई घेऊ दिली नाही, पेला उचलू दिला नाही. आधी त्या आज काय शिजतंय ते विचारीत, मग विचारेनाशा झाल्या, मग बोलेनाशा. खुर्ची अजून गॅलरीत होती. तिच्यावर कोणी बसत नसे आणि ती कोणी टाकतही नसे. थोरलीला मरणाची भीती नव्हती, त्या खुर्चीची होती.

आणि तेव्हा सगळ्यांच्या पुढे होऊन ज्यांनी बसवलं, त्या तिच्या मोठ्या नणंदबाई आज तिच्या अगदी समोर बसल्या होत्या. हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आता निवृत्त. पण हाक मारायची ती मेट्रन म्हणूनच, आणि त्यांनाही ते आवडे. त्या रविवारी येणारच होत्या, कापडाचं ऐकून शनिवारीच दाखल झाल्या होत्या.

"वहिनी," मेट्रन म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नकोस. आज वार कोणता?"

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या.

"रविवार," थोरली म्हणाली. "आणि उद्या सोमवार, वन्सं. तुम्ही परत जाणार आहात तो."

एक्स्चेंजना ठसका लागला. पण मेट्रन असल्या बोलण्याने हलणाऱ्यातल्या नव्हत्या. वॉर्डात त्यांनी याहून तिखट ऐकलं होतं.

"मी तुझ्या भल्याचंच विचारतेय. चाळीस वर्षं जे डोळे मिटून केलंस ते एका दिवसात कसं विसरलीस? माणूस विसरायला लागतं ते असंच. आधी एक कापड. उद्या शेगडी चालू राहील. खाली कापडाचे तागे, वर तुम्ही झोपलेले."

"मी विसरले नाही."

"मग झालं काय?"

थोरलीने समोरचा पेला जवळ ओढला. विसरले नाही हे पटवायचं तर दिसत नाही हे सांगायला हवं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

मास्तर टेबलाच्या टोकाला बसून कापडाची कड बोटांनी चाचपत होते. त्यांना ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी थोरली दोरा ओवताना ते दारातून बघत उभे होते. तिने सहा वेळा प्रयत्न केला, सातव्यांदा सुई ठेवून दिली, आणि मग ओठ घट्ट मिटून पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवसापासून ते लवकर उठून खाली जात, सगळ्या सुयांत दोरे ओवत आणि तिच्या सुयांच्या गादीला टोचून ठेवत. ती काही बोलली नाही, तेही बोलले नाहीत. सबंध आयुष्यात त्यांनी तिला इतकं जपलं नव्हतं, आणि इतकं गुपचूपही. आता तिची बाजू घ्यावी तर का घेतो ते सांगावं लागणार. न घ्यावी तर ती एकटी. त्यांना स्वतःचा संताप आला आणि तो नेहमीसारखा भलत्यावर निघाला.

"वकिलाला काय तोंड दाखवू ते सांगा आधी!" ते गरजले. "मशीन गेलं खड्ड्यात!"

"बाबा, मशीनचं आजच ठरवायला हवं," सून समजुतीने म्हणाली. ती औषधाच्या कारखान्यात लेबलं तपासायच्या विभागात होती. दिवसभर पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून तिला घरातलंही वाकडं लेबल दिसे. "मला विचाराल तर काचेचंच घ्या. पुसायला सोपं. त्या नॉबच्या खाचांमध्ये काय घाण बसते! आणि फोनवरून चालू करता येतं. सकाळी कपडे भरले की मी कारखान्यातून लावेन. आईंना बघायलाच नको."

"हे उत्तम!" मेट्रन म्हणाल्या. "वहिनीने हात लावायचं कारणच नाही. तसंच शेगडीचं. तुम्ही लावा, तुम्ही बंद करा. तिला आता आराम करू दे. खूप केलं तिने."

सुनेला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चमत्कारिक वाटलं. तिला तसं म्हणायचं नव्हतं. सासूबाईंना त्रास नको एवढंच तिच्या मनात होतं, आणि आत्याबाईंनी त्याचं बघता बघता भलतंच शिवून टाकलं.

"तसं नाही, आत्या. आईंनी करू नये असं मी..."

"तसंच, बाळ. लाजू नकोस."

"माझं मत बदललं," एक्स्चेंज एकदम म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "वहिनींना नॉबवालं हवं तर नॉबवालं घ्या. मेलं तर मी उघडून बघेन. काचवालं मेलं तर त्यात उघडायला काही नसतं."

"काका, आत्ता तर थांबा म्हणत होतात," मुलगा म्हणाला.

"आत्ताच तर म्हणतोय, बदललं."

"त्या जुन्या मशीनसाठी पुढच्या वर्षी पार्ट कुठून आणणार? तुमच्या कपाटातून?"

एक्स्चेंज दुखावले. ते खुर्चीत मागे सरकले आणि पुन्हा थांबा-पक्षात गेले.

थोरलीने हे सगळं कानांनी बघितलं. आपल्या बाजूला आलेला एक माणूस निघून गेला. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत मी या घरात काही मागितलं आहे का? एक तरी वस्तू? आज मागतेय."

"म्हणूनच तर काळजी वाटते, वहिनी," मेट्रन म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. "तू मागणारी नाहीस."

मग मुलाने ते काढलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुकानात अडलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू हातात देतात, एवढंच तो शिकला होता. त्याने पिशवीतून काचेची सपाट शेगडी काढली, दाखवायची म्हणून आणलेली, टेबलावर ठेवली आणि वायर जोडली. शेगडीने टिंग केलं.

"आई, एकदा हात लावून बघ. पाच मिनिटांत शिकशील. भीती जाऊ दे."

"मला भीती नाही."

"मग लाव ना."

सगळे बघत होते. थोरलीला सगळ्यांचे कान दिसत होते. तिने हात पुढे केला. काच गार होती आणि गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खाच नाही, एक उंचवटा नाही. तिने बोट फिरवलं. टिंग. तिने बोट मागे घेतलं, पुन्हा टेकवलं. टिंग, टिंग. नॉबला चाचपता येतं, चाचपून मग फिरवता येतं. इथे चाचपणं हाच हुकूम होता. शेगडी पेटली, विझली, कुलूप लागल्याची शिट्टी वाजली. तिची बोटं घाबरून काचेवर भराभर फिरू लागली, आणि शेगडी आणखी किंचाळू लागली.

"बघितलंत?" मेट्रन हळूच मास्तरांना म्हणाल्या. "मी म्हणत होते ना."

सून मात्र बोटं बघत होती. विसरलेलं माणूस कसंही दाबतं. ही बोटं शोधत होती. डावीकडून, तीन बोटं सोडून, अंगठा कडेला टेकवून, अगदी मापाने. तिथे काहीतरी असायला हवं होतं आणि ते नव्हतं. सुनेला शुक्रवारची संध्याकाळ आठवली. आत्या येणार म्हणून ती घर घासत होती. मशीनच्या पट्टीवर कोणीतरी गुंड्या चिकटवल्या होत्या, पोरांचा उद्योग, असं मनाशी म्हणत तिने त्या सुरीने खरवडल्या आणि गुंड्यांच्या बरणीत टाकल्या. तेव्हा तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. दिवसभर लेबलं तपासणारी बाई, आणि घरातली लेबलं तिने खरवडून काढली होती!

"बंद कर ते!" मास्तर ओरडले आणि त्यांनी हाताला आलं ते उचलून शेगडीवर फेकलं. आटलेलं कापड काचेवर सपाट पडलं. मुलगा वायर ओढायला वाकला, त्याचा तळहात कापडावर टेकला. शेगडी गप्पच राहिली, म्हणून त्याने वायर तशीच ठेवली.

"कापडाची चूक माझी आहे," सून म्हणाली. "मशीनवरच्या गुंड्या मी काढल्या. आई, मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं."

"कसल्या गुंड्या?" एक्स्चेंज म्हणाले.

सून थोरलीकडे बघत राहिली. पुढचं बोलणं तिचं नव्हतं. थोरलीला तिचा चेहरा दिसला नाही, पण ती बोलता बोलता थांबली ते ऐकू आलं, आणि त्या थांबण्यातली माया कळली. गुंड्या हिने काढल्या होत्या तर, आणि आता हिला सगळं कळूनही ही सांगत नव्हती. एवढ्या एका गोष्टीने थोरलीला बळ आलं.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. डोकं जागेवर आहे, वन्सं, डोळे नाहीत. गुंड्या मी लावल्या होत्या, कोणतं गरम, कोणतं गार ते कळायला. नॉब हवेत ते त्यासाठी, आणि तिन्ही आत्ताच, कारण पुढे मिळणार नाहीत. नॉब मला दिसावे लागत नाहीत."

सगळं एकदम झालं, आणि ज्याला ती घाबरत होती तेच झालं. मुलगा धावत आला आणि त्याने तिचा दंड धरला. "आई, बस. बस आधी." एक्स्चेंज उठले आणि तिच्या समोरचा पेला उचलून दूर ठेवला. मेट्रननी तोंडावर हात ठेवला, मग त्या ताडकन उठल्या आणि गॅलरीत गेल्या. वेताची खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

थोरलीने तो आवाज ओळखला. बोलून टाकलं की भीती जाते म्हणतात. तिची गेली नाही, दुप्पट झाली.

"तिला धरू नकोस," मास्तर मुलाला म्हणाले.

"अहो बाबा, पडेल ती."

"या घरात ती कधी पडली आहे? सोड तिचा हात." मग ते खाली बघून म्हणाले, "मला ठाऊक होतं. मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. आता बोलतोय. तिला बसवायचं नाही. लाव फोन. तिन्ही यंत्रं आण."

मुलाने फोन लावला. तो बोलला, ऐकलं, पुन्हा विचारलं, आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

"गेली," तो म्हणाला. "दुसऱ्या विक्रेत्याने माझी चिठ्ठी काढून एका वसतिगृहाला देऊन टाकली, सगळीच मालिका. कोणाकडे आणखी आहे का म्हणून विचारलं. कुठेच नाही." त्याचे डोळे भरले. "मी सकाळीच आणायला हवी होती. मी तुला शिकवत बसलो."

"मी थांबा म्हणालो," एक्स्चेंज पुटपुटले. "आयुष्यात एकदाच कोणी माझं ऐकलं."

कोणी हसलं नाही. थोरलीने टेबलाची कड धरली. वर्षानुवर्षं हाताखाली घासून गुळगुळीत झालेली कड. आज ना उद्या या स्वयंपाकघरात सगळं काचेचं येणार आणि ती कशाला हात लावू शकणार नाही. तिला वाटलं, संपलं.

सून शेगडीजवळ गेली होती. तिने कापडावर बोट दाबलं. काही नाही. तळहात दाबला. काही नाही. कापडाचा कोपरा उचलून बोटाने काचेला शिवली. टिंग.

"कारखान्यात आम्हाला जाड हातमोजे असतात," ती आपल्याशीच बोलत असल्यासारखी म्हणाली. "काचेच्या यंत्राला हात लावायचा तर मोजा काढावा लागतो. मोज्याचं बोट त्याला कळत नाही." ती वळली. "आई, या कापडातून चाचपलं तर शेगडीला कळणार नाही. पाहिजे तिथेच भोक असलं तर? बाकी सगळीकडे हात फिरवा, ती गप्प. भोकात बोट घातलं की फक्त तेवढंच."

थोरलीची मान हळूहळू वर आली.

"भोक नव्हे," ती म्हणाली. "काज."

"पण ते पेटेल की!" एक्स्चेंज म्हणाले.

"लोकर आहे, सूत नाही," मास्तर म्हणाले. "ती सहजी पेटत नाही. आणि पुढची पट्टी तापते कुठे? खडू आण, सूनबाई."

मग त्या टेबलावर जे चाललं ते त्या घराला नवं नव्हतं. दुकानात रोज तेच चाले. मास्तरांनी कापड पट्टीच्या मापाने बेतलं. सुनेने एकेक खूण वाचली आणि खडूने जागा धरून दिली: इथे चालू-बंद, इथे आच वाढवायची, इथे कमी करायची. थोरलीने काजाची छिन्नी मागवली, लाकडी ठोकळा खाली घेतला. चालू-बंदला गोल काज. वाढवायला उभं, कमी करायला आडवं. छिन्नी बोटाने टेकवून तिने घाव घातले, आणि एकही खडूच्या बाहेर गेला नाही.

"कडा बांधू का?" ती सवयीने म्हणाली, मग स्वतःच कापडावरून नख फिरवलं. "नको. आटलेल्याचे धागे सुटत नाहीत. बरं आटलंय हो." आणि तिला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर रडूही, आणि तिने दोन्ही येऊ दिली.

मुलाने पट्टी काचेवर चिकटवली. थोरलीने सपाट बुडाचं भांडं भरून शेगडीवर ठेवलं. तिची बोटं कापडावरून सावकाश गेली, चाचपत, मागेपुढे, हवी तितकी. शेगडी गप्प राहिली. गोल काज सापडलं. तिने बोट आत घातलं.

टिंग.

"वॉशिंग मशीनलाही असंच," मुलगा घाईघाईने म्हणाला. "उद्याच आणतो, आई. कापड उरलंय ना?"

"वकिलाचं उरलेलं सगळं," मास्तर म्हणाले. "त्याला नवं देऊ."

मेट्रन दारात उभ्या होत्या, वेताची खुर्ची दोन्ही हातांनी धरून. त्या केव्हापासून उभ्या होत्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. छिन्नीचा प्रत्येक घाव त्यांनी पाहिला होता. आईचे हात कापत होते, तरी तिला काहीतरी करता आलं असतं. लोकर उकलता आली असती, गुंड्या निवडता आल्या असत्या. कोणी विचारलं नाही. मी विचारलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना ते सहन होईना.

"ही कुठे ठेवू?" त्या कशाबशा म्हणाल्या.

थोरली आवाजाकडे वळली. तिला दारातल्या माणसाचे दोन खांदे दिसले, आणि ते हलत होते.

"ठेवा टेबलापाशी, आणि तुम्ही बसा, वन्सं. दमलात तुम्ही."

मेट्रन बसल्या. इतक्या वर्षांनी त्या खुर्चीचा वेत पुन्हा कुरकुरला. पाण्याला आधण यायला लागलं होतं.

"मी काही करू का गं?" मेट्रननी विचारलं.

थोरलीने फडताळातून सुयांची गादी आणि रीळ काढलं, हाताने खुर्चीचा अंदाज घेतला आणि दोन्ही त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"रोज पहाटे उठून हे दोरे ओवतात," ती म्हणाली. "उद्याचे तुम्ही ओवून ठेवा. नुसतं बसायचं नाही या घरात कोणी."